उत्साहाचे भांडवल, कसबाची तूट

चरित्रपट यशस्वी माणसांवर निघतात, हा शिरस्ता आहे. योद्धे, संशोधक, खेळाडू, संत आणि कलावंत यांच्या आयुष्यात शेवटी विजयाचा एक क्षण असतो आणि प्रेक्षक त्या क्षणासाठी तिकीट काढतो. हरलेल्या माणसाचे चरित्र पाहायला कोण येणार, हा निर्मात्यांचा प्रश्न व्यवहाराला धरूनच असतो. १९९४ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या ‘एड वूड’ या चित्रपटाने हा शिरस्ता मोडला. ज्याचा एकही चित्रपट धड जमला नाही, ज्याला मृत्यूनंतर ‘सर्वांत वाईट दिग्दर्शक’ अशी पदवी मिळाली, त्या माणसाचे हे चरित्र आहे आणि ते विनोदी अंगाने सांगितले आहे. हसता हसता प्रेक्षक मध्येच थांबतो आणि विचारात पडतो, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

दिग्दर्शक टिम बर्टन यांच्या नावावर त्या वेळी ‘बॅटमॅन’सारखे घवघवीत यश जमा होते. तरीही हा चित्रपट कृष्णधवल करायचा, असा आग्रह त्यांनी धरताच कोलंबिया या मोठ्या कंपनीने अंग काढून घेतले. अखेर डिस्ने समूहाने जबाबदारी पत्करली. पटकथा स्कॉट अलेक्झांडर आणि लॅरी कारस्झेव्स्की या जोडीची असून तिचा आधार आहे रुडॉल्फ ग्रे यांनी वूडच्या सहकाऱ्यांच्या आठवणींतून सिद्ध केलेले चरित्र. वूडची भूमिका जॉनी डेपने केली. खर्च सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर झाला आणि अमेरिकेतील चित्रपटगृहांतून ६० लाख डॉलरसुद्धा जमले नाहीत. अयशस्वी दिग्दर्शकावरचा चित्रपट स्वतःही तोट्यात गेला. समीक्षकांनी मात्र त्याचे मनापासून स्वागत केले आणि दोन ऑस्कर पारितोषिके त्याच्या पदरात पडली.

एडवर्ड वूडचा जन्म १९२४ साली न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी या गावी झाला. दुसऱ्या महायुद्धात तो मरीन दलात होता. युद्धानंतर तो हॉलिवूडला आला आणि मिळेल ते काम करीत चित्रपट काढण्याची स्वप्ने पाहू लागला. चित्रपटाची सुरुवात होते तेव्हा त्याने लिहिलेल्या नाटकाचा प्रयोग चालू असतो. प्रेक्षागृह जवळजवळ रिकामे आहे आणि छपरातून पाणी गळते आहे. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात नाटकाची धुलाई होते. एड ती वाचतो आणि सैनिकांचे पोशाख अगदी खरे वाटतात, एवढे एकच वाक्य उचलून आनंदित होतो. सहकाऱ्यांचे चेहरे पडलेले असतात, त्यांनाही तो त्याच वाक्याने धीर देतो. त्याचा सारा स्वभाव या एका प्रसंगात कळतो. नुकसानीच्या खात्यातही त्याला जमेची एखादी रक्कम सापडते आणि तेवढीच तो मोठ्याने वाचतो.

त्याच्या कामाची पद्धत हा या चित्रपटातील विनोदाचा मोठा साठा आहे. एकदा घेतलेले दृश्य तो पुन्हा घेत नाही. स्मशानातले थडग्यांचे दगड पुठ्ठ्याचे आहेत. कोणाचा धक्का लागला की ते डुलतात, आडवे होतात. टोर जॉन्सन हा अवाढव्य स्वीडिश मल्ल दारातून जाताना चौकटीला धडकतो आणि सबंध भिंत हलते. छायालेखक विचारतो, पुन्हा घ्यायचे का? एड समाधानाने सांगतो की नको, हे पात्र इतके धिप्पाड आहे की त्याला रोजच अशी अडचण येत असणार. कॅमेरा चालू असताना नटांची वाक्ये तोही ओठांतल्या ओठांत म्हणत असतो. आपली निर्मिती प्रत्यक्ष होताना पाहून त्याचा चेहरा लहान मुलासारखा उजळलेला दिसतो. तो आनंद बनावट नाही. म्हणूनच त्याला हसतानाही प्रेक्षकाच्या मनात तुच्छता येत नाही.

व्यापारी कुटुंबातील प्रेक्षकाचे लक्ष मात्र आणखी एका गोष्टीकडे जाईल. चित्रपटाला पैसा लागतो आणि एडकडे तो कधीच नसतो. त्यामुळे अर्धा चित्रपट पैसे उभे करण्याच्या खटपटीतच जातो आणि प्रत्येक सावकाराची एक अट असते. पहिला निर्माता जॉर्ज वाइस. लिंगबदल शस्त्रक्रियेची एक बातमी १९५२ च्या अखेरीस अमेरिकेत गाजली होती. तिच्या लाटेवर स्वस्तातला चित्रपट काढून हात धुऊन घ्यावेत, एवढाच त्याचा हिशेब. चित्रपट तयार होण्याआधीच त्याने तो वितरकांना विकलेला असतो. एडला स्वतःला स्त्रियांचे कपडे घालण्याची आवड होती आणि ती त्याने आजवर लपवली होती. मागितलेल्या विषयाऐवजी त्याने स्वतःचीच कैफियत पडद्यावर मांडली. ‘ग्लेन ऑर ग्लेंडा’ हा तो चित्रपट १९५३ साली निघाला. पुढे कॅथी नावाची तरुणी त्याच्या आयुष्यात येते. जत्रेतल्या भुताच्या बोगद्यात दोघांची गाडी अंधारात अडकते, तेव्हा तो आपले हे गुपित तिला सांगून टाकतो. ती क्षणभर विचार करते आणि ठीक आहे म्हणते. एवढ्यावर तो विषय संपतो. इतक्या अवघड गोष्टीची कुठेही कुचेष्टा न करण्याचा संयम या चित्रपटाने पाळला आहे.

दुसरा सावकार ॲरिझोनातला मांसाचा व्यापारी. ‘ब्राइड ऑफ द मॉन्स्टर’ या १९५५ साली आलेल्या चित्रपटासाठी तो पैसे देतो, परंतु आपला मुलगा नायक झाला पाहिजे आणि शेवटी मोठा स्फोट झाला पाहिजे, अशा त्याच्या अटी. एड दोन्ही मान्य करतो. तिसरा प्रसंग अधिक बोचरा आहे. एक नवखी तरुणी श्रीमंत आहे अशी एडची समजूत होते आणि तिच्या पैशाच्या आशेने तो आपल्या प्रेयसीची, डोलोरेस फुलरची, भूमिका काढून तिला देऊन टाकतो. नंतर कळते की तिच्याजवळ होते नव्हते ते तीनशे डॉलर तिने आधीच देऊन टाकले आहेत. खऱ्या आयुष्यात हे असेच घडले की नाही, याविषयी संबंधितांत मतभेद होते. चित्रपटातला अर्थ मात्र उघड आहे. दुसऱ्याचे भांडवल मिळवण्याच्या घाईत माणूस स्वतःजवळचे काय काय गहाण टाकतो, याची यादी त्याला त्या वेळी दिसत नाही.

चौथा सावकार म्हणजे बॅप्टिस्ट चर्चची मंडळी. धार्मिक चित्रपट काढण्याची त्यांची इच्छा आहे. एड त्यांना पटवतो की आधी परग्रहावरील लोक आणि जिवंत होणारी प्रेते असा भयपट काढावा, त्यावर नफा मिळेल आणि त्या नफ्यातून बारा धर्मदूतांवर बारा चित्रपट काढता येतील. मंडळींना हे पटते. चित्रपटातील हा यजमान एडचाच घरमालक आहे आणि एडकडे त्याचे भाडे थकलेले आहे. ज्याच्याकडून घरभाडे वसूल होत नाही, त्याच्याच हाती चर्चचा निधी सोपवला जातो. पतपुरवठ्याच्या व्यवसायात आयुष्य काढलेला कोणीही या प्रसंगाला हसेल आणि लगेच गंभीरही होईल, कारण असे निर्णय केवळ चित्रपटात होत नाहीत. ऋणकोचा उत्साह इतका संसर्गजन्य असतो की त्याचा मागचा रोजमेळ पाहण्याचे भान धनकोला राहत नाही. क्रिसवेल नावाचा एक भविष्यवेत्ता एडच्या गोतावळ्यात आहे. आपली भाकिते निव्वळ बनवाबनवी असून उत्तम काळा सूट घातल्यामुळे लोक ती खरी मानतात, असे तो एडला मोकळेपणाने सांगतो. एका विनोदी चित्रपटातील हे बोल कर्ज मंजूर करणाऱ्या प्रत्येक टेबलावर लिहून ठेवावेत अशा योग्यतेचे आहेत.

इथपर्यंत हा चित्रपट केवळ एका खटपट्या माणसाची गंमत ठरला असता. त्याला खोली येते ती बेला लुगोसी या वृद्ध नटामुळे. लुगोसी मूळचे हंगेरियन. १९३१ सालच्या ‘ड्रॅक्युला’ने ते जगप्रसिद्ध झाले आणि पुढे त्याच एका भूमिकेत अडकले. सत्तरी गाठेपर्यंत काम संपले होते, पैसा संपला होता आणि वेदनाशामक म्हणून सुरू झालेल्या मॉर्फिनचे व्यसन जडले होते. चित्रपटात एडची आणि त्यांची पहिली भेट होते तेव्हा ते शवपेटीत झोपून तिचे माप पाहत असतात. जगाने ज्याला मेलेला समजून सोडले आहे, त्या नटाला एड अत्यंत आदराने वागवतो. तो त्यांना आपल्या गाडीतून घरी पोहोचवतो, पुढे आपल्या चित्रपटात काम देतो आणि मध्यरात्री त्यांचा फोन आला की धावून जातो. एका रात्री तळ्यात चित्रण चालू असते. पळवून आणलेल्या नकली ऑक्टोपसची मोटर आणायची राहून गेलेली असते. तेव्हा गार पाण्यात उतरलेले लुगोसी त्याचे रबरी हात स्वतःच अंगाभोवती ओढून झटापटीचा अभिनय करतात. दृश्य हास्यास्पद आहे, पण त्या वृद्धाची कामावरची निष्ठा पाहून हसू ओठांवरच थांबते.

१९५५ साली लुगोसी स्वतःहून व्यसनमुक्तीसाठी रुग्णालयात दाखल झाले. असे पाऊल उघडपणे उचलणे त्या काळी प्रसिद्ध नटाला सोपे नव्हते. चित्रपटात पुढे रुग्णालयाचा खर्च भागवणे अशक्य होते आणि त्यांना घरी नेणे भाग पडते. एड त्यांना सांगतो की तुम्ही पूर्ण बरे झाला आहात, म्हणून सोडत आहेत. त्या एका खोट्यात त्याची सारी माया उतरली आहे. १६ ऑगस्ट १९५६ रोजी लुगोसी निवर्तले आणि ड्रॅक्युलाच्या झग्यातच त्यांचे दफन झाले. मार्टिन लँडाऊ यांनी ही भूमिका अशी केली की सहायक अभिनेत्याचे ऑस्कर त्यांच्याकडे चालत आले. पडत्या काळाचा अनुभव लँडाऊ यांना स्वतःलाही होता. याआधी दोनदा त्यांचे नामांकन पारितोषिकाविना राहिले होते. दुसरे ऑस्कर मिळाले रंगभूषेला, म्हणजे लँडाऊ यांच्या चेहऱ्यावर लुगोसींचा चेहरा उभा करणाऱ्या कारागिरांना.

लुगोसींचे काही मिनिटांचे मूक चित्रण एडकडे शिल्लक होते. तेवढ्या तुकड्याभोवती त्याने एक सबंध चित्रपट रचला. तो म्हणजे ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’. उरलेल्या दृश्यांत एडच्या पत्नीच्या ओळखीच्या, हाडांवर उपचार करणाऱ्या एका वैद्याला झगा पांघरून उभे केले. त्याचा चेहरा लुगोसींशी मुळीच जुळत नसल्याने त्याने तो झग्याआड लपवला. हे प्रेम होते की मृत नटाच्या नावाचा व्यापारी उपयोग? चित्रपट याचा निवाडा करीत नाही. दोन्ही होते, असेच प्रेक्षकाला वाटते आणि माणसाच्या बहुतेक कृतींत दोन्ही असतेच.

आता प्रश्न येतो तो सत्य सांगण्याचा. एडभोवतीच्या मंडळींत एकही यशस्वी नाही. नोकरी गेलेली दूरचित्रवाणीवरील अभिनेत्री आहे, मल्ल आहे, खोटा ज्योतिषी आहे. सर्वांना त्याने आसरा दिला आहे आणि म्हणून कोणीही त्याला खरे बोलत नाही. ते काम डोलोरेस करते. एका मेजवानीत ती सर्वांसमोर सुनावते की तुम्ही भिकार चित्रपट काढण्यात आयुष्य वाया घालवता आहात. त्यानंतर ती त्याला सोडून जाते. प्रेक्षकाला ती त्या क्षणी निष्ठुर वाटते. वस्तुतः तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. पुढे हीच डोलोरेस फुलर गीतकार झाली आणि एल्व्हिस प्रेस्लीने तिची गीते गायली, हे वास्तव लक्षात घेण्याजोगे आहे.

याउलट एका प्रसंगात एड थोर दिग्दर्शक ऑर्सन वेल्सला उपाहारगृहात भेटतो. ही भेट काल्पनिक आहे. सावकारांच्या ढवळाढवळीने त्रासलेल्या एडला वेल्स सांगतो की आपल्या दृष्टीसाठी झगडावेच लागते. एड नव्या जोमाने परततो. प्रसंग उमेद देणारा आहे आणि त्यातला टोमणाही तेवढाच सूक्ष्म आहे. प्रतिभावंताला जे सांगायचे तेच प्रतिभा नसलेल्यालाही सांगितले तर उत्साह दोघांचाही सारखाच वाढतो. उत्तेजनाला माणूस ओळखता येत नाही. तो ओळखावा लागतो उत्तेजन देणाऱ्याला.

एडजवळ नेमके काय कमी होते? पैसा, हे सोपे उत्तर झाले. पुठ्ठ्याचे दगड पैशाअभावी आले, हे मान्य. पण दगड पडला हे दिसूनही दृश्य उत्तम झाले असे म्हणणे, याचा पैशाशी संबंध नाही. त्याने आपले काम परक्याच्या नजरेने कधी पाहिलेच नाही. कुठलाही कारागीर माल बाजारात नेण्यापूर्वी तो उलटसुलट करून पाहतो आणि दोष दिसला तर पुन्हा हातात घेतो. तेवढा धीर त्याच्यात नव्हता. उत्साह आणि कसब यांच्यामध्ये जे अंतर असते ते अशा दुरुस्तीनेच कापले जाते.

घराघरांत हा प्रश्न या ना त्या रूपाने येतो. पिढीजात दुकान सोडून मुलगा किंवा मुलगी एखाद्या वेगळ्या वाटेने जाऊ म्हणते. घरातले काहीजण हसण्यावारी नेतात, काहीजण मायेपोटी वाहवा करतात. हसण्याने उमेद मरते आणि वाहवेने डोळे मिटतात. या दोहोंपेक्षा उपयोगी पडतात ते दोन साधे प्रश्न. मागच्या कामापेक्षा या वेळचे काम किती सुधारले? आणि या प्रयत्नाची किंमत कोण चुकवणार आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक असेल तर तोटासुद्धा शिक्षणाचा खर्च म्हणून मांडता येतो. दुसऱ्याचे उत्तर आधीच ठरवून घेतले तर घर मोडत नाही. एड वूडला हे दोन प्रश्न प्रेमाने आणि वेळेवर विचारणारे कोणी भेटले नाही.

चित्रपट जिथे संपतो ती जागा दिग्दर्शकाने हेतुपुरस्सर निवडली आहे. भव्य चित्रगृहात ‘प्लॅन नाइन’चा पहिला खेळ होतो, प्रेक्षागृह भरलेले असते आणि त्यानंतर एड कॅथीसह भर पावसात लग्नासाठी लास वेगासच्या वाटेला लागतो. वस्तुस्थिती इतकी थाटाची नव्हती. १९५७ साली एका साध्या चित्रगृहात पूर्वदर्शन झाले आणि सर्वत्र प्रदर्शित व्हायला आणखी बराच काळ लागला. त्याचा पुढचा भयपट ‘नाइट ऑफ द घूल्स’ बिल न भरल्यामुळे प्रयोगशाळेत अडकून पडला. प्रयोगशाळेने आपला धारणाधिकार बजावला, असे बँकेच्या भाषेत म्हणता येईल. लोकांपुढे तो आला तेव्हा वूडला जाऊन काही वर्षे लोटली होती. शेवटच्या काळात स्वस्त कादंबऱ्या आणि हलक्या दर्जाचे चित्रपट यांवर त्याचा चरितार्थ चालला. मद्याने त्याला पोखरले. डिसेंबर १९७८ मध्ये भाडे थकल्याने त्याला आणि कॅथीला घराबाहेर काढण्यात आले आणि काही दिवसांतच, १० डिसेंबरला, मित्राच्या घरी हृदयविकाराने त्याचा अंत झाला. वय होते ५४.

यातला बराच भाग चित्रपटाने शेवटच्या चार ओळींच्या मजकुरात उरकला आहे. ताळेबंद हे एका विशिष्ट तारखेचे चित्र असते. तारीख आपल्या सोयीने निवडता आली तर कोणतीही पेढी सुस्थितीत दाखवता येते. बर्टन यांनी एडच्या आयुष्याचा ताळेबंद त्याच्या सर्वांत आनंदाच्या दिवशी काढला. हे प्रेमापोटी झाले आहे आणि प्रेक्षक ते क्षम्य मानतो. परंतु कॅथीच्या खात्यावर पडलेली पुढची वीस वर्षे त्या पानावर नाहीत, हे विसरून चालणार नाही. ध्येयवेड्या माणसाच्या कथेत त्याच्या शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाचा हिशेब सहसा मांडला जात नाही.

वूडच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९८० साली, अमेरिकेतील दोन लेखक बंधूंनी वाईट चित्रपटांवर एक पुस्तक काढले. त्यात ‘प्लॅन नाइन’ला आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट ठरवण्यात आले. या टवाळीनेच त्याचे नाव पुन्हा पुढे आले. लोक मुद्दाम त्याचे चित्रपट पाहू लागले, हसता हसता त्याच्यावर लोभ करू लागले आणि त्यातूनच पुढे हा चरित्रपट निघाला. ‘प्लॅन नाइन’चा खर्च सुमारे ६० हजार डॉलर सांगितला जातो. त्याच्या निर्मात्यावरील चरित्रपटाच्या खर्चात तसे ३०० चित्रपट निघाले असते.

दोन तासांहून थोडा अधिक लांबीचा हा इंग्रजी चित्रपट प्रौढांनी पाहण्याचा आहे. व्यसन आणि अपशब्द यांमुळे लहान मुलांसमवेत तो लावू नये. घरातील कर्त्या मंडळींनी आणि नव्या वाटेची ओढ असलेल्या तरुणांनी तो एकत्र पाहिला तर नंतर बोलण्यासारखे पुष्कळ निघेल. त्यातले एक दृश्य सर्वांच्या लक्षात राहील. काळा पोशाख केलेले वृद्ध लुगोसी घराबाहेर येतात, अंगणातले एक फूल तोडून त्याचा वास घेतात आणि सावकाश निघून जातात. एड कॅमेऱ्यामागे उभा आहे. कोणत्या कथेसाठी हे चित्रण चालले आहे, याची त्यालाही कल्पना नाही. त्या वर्षी त्या नटासाठी फिल्म खर्च करायला हॉलिवूडमध्ये दुसरे कोणी तयार नव्हते.